प्रकल्प नोंदी: मिश्र इनपुटांच्या ट्रान्झॅक्शनचं वजन

२ जून

इंटर्नशिप सुरू. लायब्ररीची रेपॉझिटरी क्लोन केली, बिल्ड झाली, सगळ्या टेस्ट हिरव्या. बिटकॉइन वॉलेट बांधायला लागणारी ही लायब्ररी आहे. कोड रस्टमध्ये, परवाना एमआयटी, म्हणजे कुणीही घ्यावी, बदलावी, विकावीसुद्धा. माझ्याकडे कॉइन सिलेक्शनचा विभाग आलाय. तो मिळावा अशीच इच्छा होती.

पुढे मलाच लागेल म्हणून पाया लिहून ठेवते. बिटकॉइनमध्ये ‘खात्यातली शिल्लक’ अशी एखादी संख्या कुठेच साठवलेली नसते. असतात ती आधी मिळालेली आणि अजून न खर्चलेली आउटपुटं. एखादं आउटपुट खर्चायला घेतलं की ते नव्या ट्रान्झॅक्शनचं इनपुट होतं, आणि ते पुरतं वापरावं लागतं, नोट फाडून अर्धी देता येत नाही तसंच. उरलेली रक्कम आपल्याच नव्या पत्त्यावर परत घ्यायची. ट्रान्झॅक्शनसाठी कोणती आउटपुटं उचलायची हे ठरवणं म्हणजे कॉइन सिलेक्शन.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ट्रान्झॅक्शनमध्ये ‘फी’ नावाचं फील्डच नसतं. इनपुटांची बेरीज वजा आउटपुटांची बेरीज, जे उरेल ते मायनरचं, म्हणजे ब्लॉक काढणाऱ्याचं. वॉलेटचा हिशेब चुकला तर ‘फी चुकली’ असं सांगणारी जागा ट्रान्झॅक्शनमध्ये नाही. चुकलेला आकडा हीच फी ठरते.

४ जून

रेगटेस्ट उभं केलं. आपल्याच मशीनवर चालणारी खाजगी साखळी, ब्लॉक हवे तेव्हा काढायचे. मायनिंगचं बक्षीस १०० ब्लॉक पिकल्याशिवाय खर्चता येत नाही, म्हणून आधी १०१ ब्लॉक काढून घ्यायचे, मगच पहिल्या ब्लॉकची ५० नाणी हातात येतात. रेगटेस्टवर बक्षीस दर १५० ब्लॉकनी निम्मं होतं (मुख्य साखळीवर २,१०,००० ब्लॉकनी), त्यामुळे लांबलचक टेस्टमध्ये पैसे अनपेक्षितपणे आटतात. स्क्रिप्टमध्ये तशी टीप टाकली.

९ जून

मेंटॉरनी पहिल्या आठवड्यात कोड लिहायला दिला नाही, वाचायला दिला. दोन जुने प्रसंग.

पहिला १५ ऑगस्ट २०१० चा. ब्लॉक ७४,६३८ मधल्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये दोन आउटपुटं होती, प्रत्येकी सुमारे ९,२२३ कोटी बिटकॉइनची. एकूण नाणी कधीही २.१ कोटींपुढे जायची नाहीत, हा नियम असताना. दोन्ही रकमांची बेरीज ६४ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावली नाही, ती उलटून ऋण झाली, आणि ‘आउटपुटं इनपुटांपेक्षा जास्त आहेत का’ ही तपासणी बिनबोभाट पार पडली. काही तासांत दुरुस्ती आली आणि तो ब्लॉक असलेली शाखा मागे पडली.

दुसरा सप्टेंबर २०१८ चा. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तेच इनपुट दोनदा आलंय का, ही तपासणी ब्लॉक पडताळताना पुन्हा होत होती. ती दुबार आहे असं समजून वेगासाठी ०.१४ आवृत्तीत वगळली गेली. ती दुबार नव्हती. ०.१६.३ मध्ये घाईने दुरुस्ती करावी लागली. कुणी गैरफायदा घेण्याआधी चूक सापडली, म्हणून निभावलं.

दुसऱ्या प्रसंगाने मी जास्त हादरले. पहिला बालपणातला म्हणता येईल. दुसऱ्याच्या वेळी मात्र अनुभवी डोळे होते, रिव्ह्यू होता, टेस्ट होत्या. बदल दिसायला निरुपद्रवी होता आणि त्याला कारणही चांगलं होतं. मेंटॉर एवढंच म्हणाल्या, “आता तू कुणाचाही पीआर वाचशील तेव्हा वाढलेल्या ओळींपेक्षा काढलेल्या ओळी आधी बघ.” (पीआर म्हणजे कोडमध्ये बदल करण्याचा प्रस्ताव.)

आमच्या लायब्ररीत रकमांची प्रत्येक बेरीज तपासून होते, उतू गेली तर काहीच परत मिळत नाही. दोन आठवड्यांपूर्वी तो कोड मला उगाच लांबण लावल्यासारखा वाटला असता.

१२ जून

इश्यू निवडला. कित्येक महिने उघडा पडलेला, ‘पुनरुत्पादन हवं’ असं लेबल लावलेला. तक्रार थोडक्यात अशी: जुन्या पत्त्यांवरची पुष्कळ लहान आउटपुटं एकत्र करून नव्या पत्त्यावर न्यायची होती. सर्वांत कमी दर निवडला, १ सॅट प्रति व्हीबाइट (सॅट म्हणजे बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग, व्हीबाइट म्हणजे चार एकक वजनाइतका आकार). वॉलेटने ट्रान्झॅक्शन बनवलं, सह्या केल्या, आणि नोडने (जाळ्यातल्या, ट्रान्झॅक्शन तपासून पुढे पाठवणाऱ्या संगणकाने) नाकारलं: किमान रिले फी, म्हणजे पुढे पाठवायला लागणारी फी, पुरी होत नाही. खाली दोघांनी ‘माझ्याकडे चालतं’ असं लिहिलंय.

वॉलेट स्वतः दर विचारतं, स्वतः फी काढतं, आणि त्याच दराला ट्रान्झॅक्शन नापास होतं. अशा वेळी वापरणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. दर वाढवून पुन्हा करून बघा, हे उत्तर मला पटत नाही.

१६ जून

सापडलं! निदान घडवून तरी आणता आलं.

आधी एक खबरदारी. बिटकॉइन कोअरच्या (बहुतेक नोड चालवतात त्या सॉफ्टवेअरच्या) २०२५ मधल्या नव्या आवृत्त्यांत रिलेची किमान मर्यादा १ वरून ०.१ सॅटवर आलीय, त्यामुळे नवा नोड ही तक्रार करणारच नाही. ‘माझ्याकडे चालतं’चं एक कारण बहुधा हेच. मी नोड सुरू करताना मर्यादा मुद्दाम १ वर ठेवली.

मग लेगसी (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांवर ४० आउटपुटं पाठवली, सेगविट (सह्या वेगळ्या भागात ठेवणाऱ्या नव्या पद्धतीच्या) पत्त्यावर एक, आणि सगळी एकत्र करून एका सेगविट पत्त्यावर न्यायला सांगितली. नोडने नाकारलं. फक्त लेगसी ४० घेतली तर पास. फक्त सेगविट घेतली तरी पास. मिसळली की नापास.

रात्री कागदावर हिशेब केला. सही ७१ बाइटची धरली तर:

ट्रान्झॅक्शनचा सांगाडा ४२ एकक वजनाचा. सेगविट आउटपुट १२४. लेगसी इनपुट ५८८ चं एक, अशी ४० म्हणजे २३,५२०. सेगविट इनपुट २७१. बेरीज २३,९५७. चाराने भागून वर पूर्ण केलं की ५,९९० व्हीबाइट, म्हणून वॉलेटने फी लावली ५,९९० सॅट.

नोडने मोजलेला आकार मात्र ६,००० व्हीबाइट. दहा कमी पडले. दहा व्हीबाइट म्हणजे ४० एकक, आणि लेगसी इनपुटंही ४०. एवढा नेमका योगायोग असत नाही.

१७ जून

उत्तर बीआयपी (बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव) १४४ मध्ये, म्हणजे सेगविट ट्रान्झॅक्शन बाइटांत कसं लिहायचं त्या दस्तऐवजात आहे. ट्रान्झॅक्शनमध्ये एक जरी इनपुट विटनेसवालं (सही वेगळ्या भागात असलेलं) असलं, तरी सगळ्याच इनपुटांसाठी विटनेसची जागा लिहावी लागते. ज्याला विटनेस नाही त्याच्या जागी शून्याचा एक बाइट. ‘इथे काही नाही’ हे सांगायलाही एक बाइट लागतो.

विटनेसमधला बाइट एका एककाचा, बाकीचा चार एककांचा. म्हणून प्रत्येक लेगसी इनपुटामागे एक एकक वाढतं, पण शेजारी सेगविट इनपुट असेल तरच. सगळी लेगसी असतील तर ट्रान्झॅक्शन जुन्याच पद्धतीने लिहिलं जातं आणि हा बाइट नसतो. आमची लायब्ररी हे शून्य मोजतच नव्हती.

हेक्समध्ये कच्चं ट्रान्झॅक्शन उघडून बघितलं. शेवटाकडे, लॉकटाइमच्या आधी, ओळीने ‘००’ ची रांग आणि मग एकदम ०२, सहीची लांबी, सही, ३३ बाइटांची सार्वजनिक की. ही रांग बोट ठेवून मोजली. चाळीस शून्यं.

१९ जून

हे आधी कसं दिसलं नाही? बायसेक्ट लावलं, म्हणजे कोणत्या बदलापासून बिघडलं ते शोधलं. बोट पडलं ते एका चांगल्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर), आणि ते कसं हे नीट लिहून ठेवण्यासारखं आहे.

लेगसी-सेगविटच्या ईसीडीएसए सहीत दोन संख्या असतात, आर आणि एस. त्या ज्या पद्धतीने लिहिल्या जातात तीत पहिला बिट १ असेल तर पुढे एक शून्य बाइट जोडावा लागतो. एस लहान ठेवायचा नियम आहेच. आर मात्र निम्म्या वेळा मोठा येतो, म्हणून सही कधी ७१ बाइटची, कधी ७२ ची. लायब्ररी पूर्वी सरसकट ७२ धरायची. म्हणजे लेगसी इनपुटामागे सरासरी अर्धा बाइट, दोन एकक, जास्तीचे मोजले जायचे. राहून जाणारं शून्य एका एककाचं. जास्तीच्या मोजणीच्या आड कमी मोजणी लपून राहिली.

नंतर कुणीतरी सुधारणा केली: आर लहान येईपर्यंत सही पुन्हा काढायची, जशी बिटकॉइन कोअर ०.१७ पासून काढतं. सही ७१ च्या वर जात नाही, वजनाचा अंदाज घट्ट होतो, लोकांची फी वाचते. तो बदल बरोबरच होता. त्याने फक्त उशी काढून घेतली, आणि खालचं टोचायला लागलं.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र वॉलेट ‘अपडेट केल्यावर बिघडलं’. त्या कमिटखाली माझा इश्यूचा दुवा टाकला आणि कारण सविस्तर लिहिलं. पुढे कुणी घाईघाईत तो कमिट मागे घ्यायला निघालं तर त्याला हे वाचायला मिळावं.

२४ जून

शेवटच्या वजनात शून्यं मोजायची दुरुस्ती चार-सहा ओळींची आहे. ती केली, १६ तारखेचं ट्रान्झॅक्शन पास झालं. पण पीआर उघडला नाही. शेवटचं वजन बरोबर येऊन भागत नाही, कारण निवड त्याआधीच झालेली असते.

निवड करताना प्रत्येक आउटपुटाचं ‘परिणामी मूल्य’ काढतात: रक्कम वजा ते खर्चायला लागणारी फी. ५० सॅटच्या दराला लेगसी इनपुट सुमारे ७,३५० सॅट खातं. म्हणजे लेगसी पत्त्यावर पडलेले ५,००० सॅट त्या दिवशी खर्चणं आतबट्ट्याचं. तेच ५,००० सेगविट पत्त्यावर असतील तर फी ३,३८८ च्या घरात, थोडे तरी हाती लागतात.

हे सगळं एका गृहीतावर उभं आहे: प्रत्येक इनपुटाचा खर्च त्याच्यापुरता, शेजारी कोण आहे याच्याशी संबंध नाही. शून्याचा तो बाइट नेमका हेच गृहीत मोडतो. लेगसी इनपुटाचं वजन त्याच्या सोबत्यांवर ठरतं.

३० जून

ब्रँच अँड बाउंड वाचलं. ही पद्धत मार्क एरहार्ट यांच्या २०१६ च्या प्रबंधातली, कोअरमध्ये २०१८ च्या ०.१७ आवृत्तीत आली. उरलेले पैसे परत घ्यायची वेळच येणार नाही असा संच शोधायचा. प्रत्येक आउटपुट घ्यायचं किंवा सोडायचं, असं झाड उतरत जायचं. बेरीज लक्ष्याच्या पुढे गेली किंवा उरलेलं सगळं घेऊनही पुरणार नसेल तर ती फांदी तोडायची. कोअर १,००,००० प्रयत्नांवर थांबतं.

परतीचं आउटपुट टळलं की ३१ व्हीबाइट आत्ता वाचतात, पुढे कधीतरी ते खर्चायचे ६८ वाचतात, आणि परतीचा पत्ता बघून माग काढणाऱ्यालाही काही मिळत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडली. फांदी तोडायचा निर्णय बेरजेवर होतो, आणि बेरीज चुकीची असेल तर चांगला संच असलेली फांदीच तुटते. म्हणजे आमची चूक फीपुरती नव्हती, निवडीतही शिरली होती.

३ जुलै

आज दुसऱ्याच्या पीआरचा रिव्ह्यू केला. इथे इंटर्नकडून कोडइतकीच रिव्ह्यूची अपेक्षा असते, आणि ते योग्यच आहे. कोड लिहिणारे येतात, वाचणारे कमी पडतात.

पीआर अर्धवट सह्यांच्या ट्रान्झॅक्शनबद्दल होता, बीआयपी १७४ चा. हार्डवेअर वॉलेटला (की सांभाळून सही करणाऱ्या वेगळ्या उपकरणाला) सेगविट इनपुटासाठी फक्त आउटपुटाची रक्कम पाठवायची, मागचं अख्खं ट्रान्झॅक्शन वगळायचं, म्हणजे डेटा कमी. काढलेल्या ओळी आधी बघितल्या. सेगविटच्या पहिल्या आवृत्तीची सही आपल्याच इनपुटाच्या रकमेची हमी देते, इतरांच्या नाही. त्यामुळे लबाड सॉफ्टवेअर एकाच ट्रान्झॅक्शनवर दोनदा सही मागू शकतं, दर वेळी वेगळ्या इनपुटाची रक्कम खोटी सांगून, आणि दोन्हीकडची खरी सही जुळवून प्रचंड फी उडवू शकतं. २०२० मध्ये हे समोर आल्यावर वॉलेटांनी मागचं ट्रान्झॅक्शन मागायला सुरुवात केली. टॅपरूटच्या (सेगविटच्या पुढच्या आवृत्तीच्या) सहीत सगळ्या इनपुटांच्या रकमा येतात, तिथे ही अडचण नाही.

‘टॅपरूटपुरतं वगळावं, बाकी राहू द्यावं’ असं लिहिलं. लेखकाने तासाभरात बदल केला, आभार मानले.

८ जुलै

टेस्टचा दिवस, आणि या कामातला सर्वांत आनंदाचाही. ठरावीक उदाहरणांऐवजी यादृच्छिक टेस्ट लिहिली: लेगसी, सेगविट, टॅपरूट अशी कितीही इनपुटं घ्या, ट्रान्झॅक्शन बनवा, खऱ्या सह्या करा, आणि अंदाजाचं वजन प्रत्यक्ष वजनाशी ताडून बघा.

‘दोन्ही समान’ अशी अट लावली तर टेस्ट अधूनमधून लाल होते. मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये जास्त वेळा. कारण पुन्हा सहीच. आर किंवा एस कधीकधी इतका लहान निघतो की लिहायला एक बाइट कमी पुरतो. दोन्हींची शक्यता २५६ त एक, म्हणजे सहीमागे १२८ त एक. चाळीस सह्या असतील तर चारांतल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनमध्ये निदान एक सही ७१ हून आखूड. टॅपरूटची श्नॉर सही मात्र ठाम ६४ बाइट, तिला असला स्वभाव नाही.

अशी मधूनच लाल होणारी टेस्ट बघून अनेकजण ‘पुन्हा चालवा’चं बटण दाबतात. मला तसं करायचं नव्हतं. खरी अट काय, हे ठरवलं: अंदाज प्रत्यक्षापेक्षा कधीही कमी नको, आणि जास्त असला तर तो फरक सह्यांच्या आखूडपणातून तंतोतंत दाखवता यायला हवा. आता टेस्ट प्रत्येक सहीची लांबी मोजते, फरकाचा हिशेब जुळवते आणि शिल्लक शून्य आली तरच पास होते. जुन्या कोडवर चालवली, पहिल्याच मिश्र ट्रान्झॅक्शनला लाल. हेच हवं होतं.

१५ जुलै

पीआर उघडला. तीन कमिट: आधी नापास होणारी टेस्ट, मग शेवटच्या वजनाची दुरुस्ती, मग निवडीतली. प्रत्येक कमिट एकट्याने बिल्ड होतो. वर्णनात १६ जूनचा हिशेब आकड्यांसकट दिला, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येईल.

निवडीसाठी मार्ग सुरक्षित घेतला: उमेदवारांत एक जरी सेगविट असलं तर सगळ्या लेगसींना एक एकक जास्त लावायचं.

संध्याकाळी पहिला ‘कॉन्सेप्ट ॲक’. याचा अर्थ एवढाच की कल्पना मान्य, कोड अजून वाचलेला नाही.

२१ जुलै

रिव्ह्यूची वाट. मधल्या काळात दस्तऐवजातली दोन पानं सुधारली.

२२ जुलै

रिव्ह्यू आला, आणि काय रिव्ह्यू! एका मेंटेनरनी ओळ न् ओळ वाचलीय. वॉलेटमध्ये बरंच लेगसी आणि एकच सेगविट असेल, आणि शोधाने फक्त लेगसी उचलली, तर माझ्या सुरक्षित मार्गात वापरणारा फुकट जास्त पैसे भरतो. ४० इनपुटांवर ४० एकक, शिवाय सेगविटच्या खुणेचे (ट्रान्झॅक्शन सेगविटचं आहे हे सांगणाऱ्या बाइटांचे) दोन. साडेदहा व्हीबाइट. ५० च्या दराला ५२५ सॅट. परतीचं आउटपुट नसल्यामुळे ते कुठे परतही येत नाहीत.

दुसऱ्या एकांचं म्हणणं, सुमारे २,९६,००० सॅट फी असलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये ५२५ म्हणजे नगण्य, कोड साधा राहू द्या. दोघांचीही बाजू खरी होती. दिवसभर चर्चा चालली, आवाज कुणाचा चढला नाही.

मी कशाच्या बाजूने? साध्या कोडच्या बाजूने असते, जर चूक वापरणाऱ्याला दिसणारी असती. ही दिसत नाही. फीचं फील्ड नाही, पावती नाही, ‘५२५ जास्त गेले’ असं कधीच कुणाला कळणार नाही. जिथे समोरच्याला तपासता येत नाही तिथे आपण अचूक असलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं, आणि तसंच लिहिलं.

२४ जुलै

मेंटेनरनी सुचवलेला उपाय सुंदर आहे. शोध दोनदा करायचा. पहिल्या फेरीत फक्त लेगसी उमेदवार, जास्तीचं एकक नाही, सेगविटची खूण नाही. दुसऱ्या फेरीत सगळे उमेदवार, लेगसींना एक एकक, सांगाड्यात खुणेचे दोन. मिश्र आणि निव्वळ सेगविट संच दुसरीत अचूक मोजले जातात, निव्वळ लेगसी पहिलीत. दुसऱ्या फेरीत निव्वळ लेगसी संच महाग दिसला तरी हरकत नाही, त्याची खरी किंमत पहिल्या फेरीने लावलेली असते. दोन्हींतला कमी ‘वाया’ जाणारा घ्यायचा. परस्परावलंबन होतं ते दोन सरळ प्रश्नांत मोडलं.

२९ जुलै

वेग तपासला. वाईटात वाईट स्थितीत वेळ दुप्पट, पण ज्या वॉलेटमध्ये लेगसी किंवा सेगविट यांपैकी एकच प्रकार आहे तिथे एकच फेरी पुरते, तसा फाटा टाकला. बहुतेक वॉलेट त्याच प्रकारची. कुणी हरकत घेतली नाही.

५ ऑगस्ट

२५३ वं इनपुट. इनपुटांची संख्या २५२ पर्यंत एका बाइटात लिहितात, त्यापुढे तीन बाइट लागतात. दोन बाइट वाढले म्हणजे आठ एकक, एकदम. हेही वजन एकट्या इनपुटाच्या माथी मारता येत नाही. प्रमाण ट्रान्झॅक्शनची कमाल मर्यादा ४,००,००० एकक आहे, लेगसी इनपुटं साडेसहाशेच्या वर मावतात, तेव्हा जुनं वॉलेट रिकामं करणाऱ्याला २५३ गाठणं अवघड नाही.

शेवटच्या वजनात हे आधीपासून बरोबर होतं. शोधात नव्हतं. उमेदवार २५२ पेक्षा जास्त असतील तर शोधाच्या लक्ष्यात आठ एकक आधीच धरायचे, असं ठरलं. इथे मात्र मी साधेपणाच्या बाजूने: आठ एकक म्हणजे दोन व्हीबाइट, इनपुटं कितीही असोत तेवढेच, आणि तेही कोडमधल्या टिपणीत स्पष्ट लिहून. २५२ आणि २५३ च्या दोन टेस्ट जोडल्या.

११ ऑगस्ट

यादृच्छिक टेस्टने आणखी एक पकडलं. लायब्ररी फी वजनावरून थेट काढते: वजन गुणिले हजार एककांमागचा दर. नोड आधी वजनाला चाराने भागून वर पूर्ण करतो, मग दर लावतो. २३,९९७ एकक आणि २ सॅटचा दर घ्या. थेट काढली तर ११,९९८.५, वर पूर्ण करून ११,९९९. नोडच्या रीतीने ६,००० गुणिले २, म्हणजे १२,०००. एक सॅट कमी. १ च्या दराला दोन्ही रीतींनी ६,०००च येतात, म्हणून आधीच्या उदाहरणात हे दिसलंच नाही.

एका सॅटने कुणाचं काही अडत नाही, नोडही नाकारत नाही. पण वॉलेट ‘२’ म्हणतं आणि दर पडतो दोनाला किंचित कमी. वेगळा, छोटा पीआर केला. याला दुपारपर्यंत दोन ‘ॲक’ (मंजुऱ्या).

१८ ऑगस्ट

रिबेस केला (ताज्या कोडवर बदल पुन्हा बसवला), दोन ‘निट’ (किरकोळ सूचना) होत्या त्या सोडवल्या. एका रिव्ह्यूअरनी स्वतःच्या मशीनवर १६ जूनचा प्रयोग पुन्हा करून ‘टेस्टेड ॲक’ दिला, सोबत त्यांना मिळालेला आकारही लिहिला: ५,९९९. एक सही आखूड निघाली असणार! संध्याकाळी मुख्य पीआर मर्ज झाला. मूळ तक्रार करणाऱ्याला इश्यूवर कळवलं, पुढच्या आवृत्तीची वाट न बघता तपासता येईल असा बिल्डचा मार्ग दिला.

इथे नाण्याच्या बाजारभावाबद्दल बोलताना मी कुणालाच ऐकलं नाही. बाहेर या क्षेत्राचं नाव काढलं की लोकांच्या मनात भाव येतो. इथे चर्चा होते ती शून्याच्या एका बाइटाची, आणि अनोळखी माणसाचे पैसे ठरल्या दराने जावेत यासाठी चारजण महिनाभर वेळ देतात. मला याच लोकांसोबत पुढेही काम करायचंय.

२१ ऑगस्ट

हस्तांतराची टिपणं, पुढे जो कुणी हे हाती घेईल त्याच्यासाठी.

मल्टीसिगचं (एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या पत्त्यांचं) वजन अजून ‘जास्तीत जास्त’ धरूनच चालतं. कोण सही करणार हे आधी माहीत असेल तर घट्ट करता येईल, पण सह्या करणारा बदलला तर काय, याचं उत्तर आधी हवं.

टॅपरूटच्या स्क्रिप्ट मार्गाने, म्हणजे झाडासारख्या मांडलेल्या अटींपैकी एक वापरून, खर्च करताना कंट्रोल ब्लॉकची (ती अट त्या झाडातलीच आहे या पुराव्याची) लांबी झाडाच्या खोलीवर ठरते, दर पातळीला ३२ बाइट. निवड होताना कोणती फांदी वापरणार हे लायब्ररीला कळत नाही. इश्यू उघडलाय, त्यात दोन पर्याय लिहिलेत, मत मागितलंय.

धुळीच्या मर्यादेचा (याहून लहान आउटपुट नोड पुढे पाठवत नाहीत) कोड अजून सरसकट ५४६ सॅट धरतो. ती लेगसी आउटपुटाची मर्यादा आहे, ३४ अधिक १४८ बाइट, गुणिले ३. सेगविटसाठी २९४, टॅपरूटसाठी ३३० पुरतात. त्यामुळे त्या दोन्ही प्रकारांत ५४६ च्या आतलं परतीचं आउटपुट विनाकारण फीत जातं. याची नापास होणारी टेस्ट माझ्या शाखेत आहे. दुरुस्ती सप्टेंबरमध्ये मीच करणार आहे, तसं मेंटॉरना सांगून ठेवलंय.